दहा आकडी गिऱ्हाईक

बिल करण्याआधी दुकानदाराने ‘नंबर सांगा’ म्हणावे आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने दहा आकडे म्हणून दाखवावेत, ही आता देशभरची रीत झाली आहे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानांत ती आहे, शेजारच्या तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या पेढ्यांवर आहे आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरही आहे. या रीतीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. व्यापारी विचारतो, नंबर नसेल तर गिऱ्हाईक ओळखायचे कसे आणि माल तयार झाल्याचे कळवायचे कोणाला? ग्राहकांच्या बाजूने बोलणारे विचारतात, एक समई विकत घ्यायला नंबर लागतोच कशाला? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. तोवर प्रत्येक दुकानाला या वादाचा निकाल आपल्यापुरता लावून घ्यावा लागेल. आमच्या मते हा वाद दिसतो तितका खोल नाही. ग्राहकाचा खासगीपणा जपणारी बहुतेक पथ्ये व्यापाऱ्याची ग्राहकयादीही धड ठेवतात. दोघांचे हित खरोखर एकमेकांना आडवे जाते अशा जागा मोजक्या आहेत; तोलून बघायचे ते तिथे.

कुंभकोणमकडे मुद्दाम बघावे, कारण तिथला बराचसा धंदा पैसे दिले, पिशवी उचलली असा नाही. जवळच्या नाच्चियारकोविलची कुत्तुविळक्कू, म्हणजे पितळी समई, भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. तळ, दांडा, तेलाचे पात्र आणि शेंडा असे तिचे भाग वेगवेगळे ओतून मग जोडतात. गिऱ्हाईक हवी ती उंची सांगून ती करवून घेते. जवळच्याच स्वामिमलैचे स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचे लेप चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. आगाऊ रक्कम आणि ताबा यांच्यात आठवडे जातात, मोठ्या मूर्तीला महिने. मधल्या काळात गिऱ्हाइकाचा नंबर बदलला, तर नटराज कार्यशाळेत उभा आणि राहिलेले पैसे अडकलेले. ती मूर्ती दुसऱ्याला चटकन विकताही येत नाही, कारण ती कोणाच्या तरी देवघराच्या मापाने केलेली असते. कुंभकोणमच्या आसपासच्या नवग्रह-देवळांच्या यात्रेला गेलेली आपल्याकडची मंडळीही समई पसंत करतात, पैसे भरतात आणि ‘पार्सलने पाठवा’ म्हणून पुढच्या देवळाकडे निघतात. असा धंदा नंबर न घेता करा, असे सांगणे हा कोरडा उपदेश झाला.

शिवाय तमिळनाडूत नावावरून माणूस शोधणे महाराष्ट्राहून अवघड आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तिहेरी पत्ता मिळतो. तिथे बहुसंख्य लोकांना आडनाव नाही. नावाआधी एक आद्याक्षर असते. ते बहुधा वडिलांच्या नावाचे, कधी गावाचे. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले. त्यांच्या नावातला ‘टी’ हा तंजावरचा. त्यात मुलांची नावे गावदेवांवरून ठेवायची पद्धत. शारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी आणि स्वामिमलैच्या मुरुगनावरून स्वामिनाथन. ‘एस. स्वामिनाथन’ एवढ्यावर एका दुकानाच्या यादीत किती माणसे निघतील, याचा अंदाज कोणीही करावा. त्यामुळे नंबर हीच गिऱ्हाइकाची ओळख मानण्याकडे दुकानदाराचा कल जातो तो आळसापोटी नव्हे. दहा आकडे सांगितले की मागचे बिल, समईची उंची, साडीचा रंग, राहिलेली बाकी, सारे क्षणात पडद्यावर येते. ही सोय खरी आहे आणि ती गिऱ्हाइकालाही हवी असते.

पण ओळख म्हणून नंबर कच्चा आहे. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस थांबवून मग नव्या ग्राहकाला देता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता: जुना क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला तर आधीच्या माणसाच्या माहितीचे काय? न्यायालयाने ९० दिवसांच्या या मुदतीवर बोट ठेवले आणि आपली माहिती वेळीच काढून घेण्याची जबाबदारी वापरकर्त्याचीही असल्याचे सांगितले. बँकांना या धोक्याची जाणीव आहे. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांना रद्द झालेल्या क्रमांकांची सरकारी यादी वापरून आपल्या नोंदी तपासायला सांगितले. कुंभकोणमलाच मुख्यालय असलेली, १९०४ मध्ये स्थापन झालेली सिटी युनियन बँकही या सूचनेच्या कक्षेत येते. त्याच गावातल्या भांड्यांच्या दुकानाला अशी यादी कोणी दाखवत नाही. तिथे दोन वर्षांपूर्वीचा नंबर अजून त्याच स्वामिनाथनचा असे गृहीत धरून बाकीची आठवण पाठवली जाते आणि ती एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडते.

दुसरी गोष्ट, नंबर एका माणसाचा असतोच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते. म्हणजे साडी घेणारी एक, नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा, असे प्रसंग काउंटरवर रोजचे. नंबर म्हणजेच गिऱ्हाईक असे डेटाबेसला शिकवले, की सासू, सून आणि मुलगा मिळून एकच माणूस तयार होतो. उलट, दोन सिम बाळगणारा एकटा माणूस यादीत दोनदा येतो. तेव्हा या प्रश्नावर आमचा कौल स्वच्छ आहे. नंबरावरून गिऱ्हाईक शोधावे, पण खाते नंबरावर बांधू नये. प्रत्येक खात्याला दुकानाचा स्वतःचा ग्राहक क्रमांक असावा, तो पावतीवर छापावा आणि फोन नंबर वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. एका खात्याला दोन नंबर लागू शकतात, एका नंबरावर दोन खाती असू शकतात. नंबराशेजारी तो कोणाचा आणि शेवटचा कधी पडताळला, हे दोन रकाने असले की निम्मे घोटाळे मिटतात.

आता नंबर लिहायचा कसा, हा प्रश्न. इथेही दोन पक्ष आहेत. संगणकवाले म्हणतात, नियम कडक हवा: दहाच आकडे, पहिला ६ ते ९ यांपैकी, बाकी काही आले की नाकारा. त्यांचे म्हणणे निराधार नाही; घाईत एक आकडा गाळणे किंवा दोन आकड्यांची अदलाबदल करणे ही रोजची चूक आहे आणि ती काउंटरवरच पकडलेली बरी. पण कुंभकोणमची जुनी घराणी अजून ०४३५ हा एसटीडी कोड लावून लँडलाइन सांगतात. मुलगा सिंगापूरला असतो. तिथला मोबाइल आठ आकडी. अमिरातीतल्या भाच्याचा क्रमांक देशाच्या कोडामागे नऊ आकडी. अमेरिकेतली मुलगी तर सर्वात फसवी, कारण तिथला क्रमांकही दहा आकडी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होऊ शकतो. देशाचा कोड लिहिला नाही तर कडक नियम तो बिनतक्रार भारतीय म्हणून घेतो आणि मूर्ती तयार झाल्याचा निरोप भलत्याच राज्यात जातो. म्हणजे ज्या नियमाने चुका अडायच्या तो खरे नंबर अडवतो आणि खोटे आत सोडतो.

यातून वाट अशी निघते. नंबर अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडासकट, आंतरराष्ट्रीय पद्धतीने साठवावा. त्या पद्धतीत कमाल १५ आकडे बसतात. गिऱ्हाइकाने जसा सांगितला तसाही एका रकान्यात राहू द्यावा. शंका आली तर संगणकाने खूण करावी, नोंद नाकारू नये. आणि नंबर हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नव्हे, मजकूर म्हणूनच साठवावा. हे बारीक वाटते, पण यातल्या चुकांनी अख्ख्या याद्या बरबाद झालेल्या आहेत. एक्सेलच्या साध्या रकान्यात ०४३५ टाकले की पुढचे शून्य गळते. ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल टाकला की पडद्यावर ९.१९ ई+११ असे काहीतरी उमटते. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये नंबराला साधा पूर्णांकाचा रकाना दिला तर त्याची मर्यादा २१४७४८३६४७ इतकी असते. आपला कोणताही मोबाइल क्रमांक त्याहून मोठा. तपासणी सैल ठेवलेली असेल तर तो डेटाबेस कुरकुर न करता प्रत्येक गिऱ्हाइकासमोर हाच आकडा लिहून ठेवतो. दिवाळीचे संदेश पाठवायच्या दिवशी मालकाला कळते की यादीतल्या सगळ्यांचा नंबर एकच आहे आणि तो कोणाचाच नाही.

यादी बिघडण्याचे याहून मोठे कारण मात्र मानवी आहे. नंबर भरल्याशिवाय बिल पुढे सरकणार नाही अशी सक्ती मालक सॉफ्टवेअरमध्ये करून घेतो. समोर रांग, गिऱ्हाईक नंबर द्यायला नाखूश, मालक आत. काउंटरवरचा पोरगा करतो काय? दहा वेळा नऊ दाबतो, किंवा स्वतःचाच नंबर टाकतो. महिनाअखेरीस त्या नऊ-नऊच्या नावे शेकडो बिले आणि सवलतीचे ढीगभर गुण जमा असतात आणि दुकानातले सर्वात निष्ठावंत गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाचे उत्तर भूत असे येते. मग मालक पोरावर ओरडतो, नवीन सॉफ्टवेअर घेतो, आणखी एक सक्ती घालतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरे काय. सक्ती काढली तर नंबर कमी मिळतील हे कबूल. पण जे मिळतील ते खरे असतील. हजार खऱ्या नोंदी पाच हजार संशयास्पद नोंदींपेक्षा धंद्याच्या जास्त कामाच्या, हे हिशेबी माणसाला पटायला हरकत नाही.

कायद्याचा रोखही याच दिशेला आहे. बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने किरकोळ विक्रेत्यांना मे २०२३ मध्येच बजावले होते. जीएसटी नियमावलीच्या ४६व्या नियमात पावतीवर काय काय हवे याची यादी आहे. गिऱ्हाइकाचा फोन नंबर तीत नाही. तेव्हा ‘सरकारला लागतो’ हे काउंटरवरचे उत्तर खरे नव्हे. विदा संरक्षण कायद्याने उदाहरण दिले आहे तेही दुकानातलेच. एका बाईने औषधाच्या दुकानात खरेदी केली, आपण होऊन नंबर दिला आणि पैसे पोचल्याचा संदेश पाठवायला सांगितले. तर त्या कामापुरता नंबर वापरायला दुकानदार मोकळा आहे. हे ‘त्या कामापुरता’च इथे कळीचे. समई तयार झाल्याचे कळवायला दिलेला नंबर आडी या तमिळ महिन्यातल्या सवलतीची जाहिरात पाठवायला आपोआप मिळालेला नसतो. त्यासाठी वेगळे विचारावे लागेल आणि ‘हो’ म्हटल्याची तारीख नोंदीत ठेवावी लागेल.

व्यापाऱ्याची यावर तक्रार आहे आणि ती ऐकायला हवी. सणासुदीच्या आठवणीवर छोट्या दुकानाचे निम्मे वर्ष उभे असते. वर्तमानपत्रातली जाहिरात परवडत नाही, संदेश परवडतो. त्यात दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. १९०९ या क्रमांकावर ‘नको’ कळवलेल्यांना वगळावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. एवढी कटकट नको म्हणून दुकाने व्हॉट्सअॅपकडे वळली आणि कुंभकोणमला एकदाच गेलेल्या नाशिकच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे तमिळमधून पोंगलच्या शुभेच्छा आणि साड्यांचे फोटो येऊ लागले. दुकानदाराच्या दृष्टीने फुकटचा संदेश. पण वाचता न येणाऱ्या भाषेतल्या जाहिरातीने विक्री होत नाही, नंबर तेवढा ब्लॉक होतो. एकदा ब्लॉक झाला की पुढे खरेच काही कळवायचे असेल तरी दार बंद. परवानगी आणि भाषा असे दोन रकाने जादा ठेवणाऱ्याचे संदेश थोड्यांना जातील, पण ते वाचले जातील. त्यामुळे इथेही गिऱ्हाइकाचा हक्क आणि व्यापाऱ्याचा लाभ एकाच बाजूला पडतात.

खरी अडचण सुरू होते ती नंबर पुसण्यापाशी. काम संपले, संमती मागे घेतली, की माहिती पुसावी असे कायदा सांगतो. दुसरीकडे जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. नंबर वेगळ्या तक्त्यात असेल तर हा पेच सुटतो. बिल राहते, नंबर जातो. पण सगळे पेच असे सुटणारे नाहीत. मुलीच्या लग्नात समयांची जोडी घेतलेले घर दहा वर्षांनी धाकटीसाठी तशीच जोडी मागायला येते. नोंद पुसलेली असेल तर ते माप, ती घडण आता कोणाला आठवणार? पारंपरिक धंद्याची पत अशा आठवणींवरच उभी असते. ज्यांच्याकडे किमान दोन कोटी नोंदणीकृत वापरकर्ते आहेत अशा ई-व्यापार कंपन्यांना नियमांनी तीन वर्षांची मुदत घालून दिली आहे; छोट्या दुकानाला अशी आखीव रेघ नाही, काम कधी संपले ते त्यानेच ठरवायचे. आमच्या मते मागणीचा तपशील ग्राहक क्रमांकाखाली राहू द्यावा, कारण तो वस्तूचा इतिहास आहे. नंबर मात्र ठरावीक काळ वापरला गेला नाही तर काढावा. गिऱ्हाइकाने ‘ठेवा’ म्हटले असेल तर ठेवावा. यात काही जुनी गिऱ्हाइके सुटतील आणि ते नुकसान खरे असेल. पण ज्या नंबरावर आता भलताच माणूस बोलतो तो जपून ते नुकसान भरून निघत नाही, इतकेच.

दुसरी अडचण सामायिक नंबराची. भावाने ‘माझा नंबर काढा’ म्हटले, पण बहिणीची मूर्ती त्याच नंबरावर अडकली आहे. काढला तर तिचे काम थांबते, ठेवला तर त्याचा शब्द मोडतो. इथे दुकानदाराने आधी त्याच नंबरावर तिला विचारून दुसरी सोय करून घ्यावी आणि मग काढावा, एवढेच सुचवता येते. काउंटरवरच्या समजूतदारपणाची जागा कोणताही रकाना घेणार नाही.

तिसरी अडचण कुवतीची. हे सगळे कोणी करायचे? एका माणसाच्या कार्यशाळेने की बारा शाखांच्या साडीवाल्याने? सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, हा आकडा वाचून छोटा व्यापारी म्हणतो, मग वहीच बरी. हा विचार खुळा नाही. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. कागदावरची नोंद संगणकात चढेपर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही. वर्षाला मोजक्या मूर्ती करणाऱ्या स्थपतीने मागणीची वही चालू ठेवली तर आम्हाला त्यात काही गैर दिसत नाही. मात्र त्याच वहीच्या पानाचा फोटो काढून तो कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा नाही. दंड ठरवताना चुकीचे स्वरूप, गांभीर्य आणि दंडाचे प्रमाण बघायला कायद्यानेच सांगितले आहे, तेव्हा घाबरून जाण्याचेही कारण नाही. मोठ्या दुकानांना मात्र ही पळवाट नाही. त्यांचा डेटाबेस मालकाने आखलेला नसतो. बिलाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आखलेला असतो. नंबराचा वेगळा तक्ता, परवानगीची तारीख, पुसण्याची सोय, परदेशी क्रमांकाला जागा, या गोष्टी विक्रेत्याने मुळातच देऊ केल्या पाहिजेत. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? व्यापारी संघटनांनी एकेकट्या दुकानदाराला कायद्याची भाषणे देण्यापेक्षा ही यादी हातात घेऊन सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलावे, ते जास्त उपयोगाचे.

वेळ फार नाही. २०१६ नंतरचा पुढचा महामहम उत्सव २०२८ मध्ये येतो. बारा वर्षांतून एकदा महामहम तलावावर लोटणाऱ्या त्या गर्दीत कुंभकोणमची दुकाने एरवी वर्षभरात बघत नाहीत इतकी नवी गिऱ्हाइके बघतील, आणि तोवर नवा कायदा लागू झालेला असेल. आधी घेतलेल्या संमतीबाबतही ग्राहकांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी, असे कायद्यात आहे. ती सूचना ओझे न मानता यादी चाळून घेण्याची संधी मानावी. प्रत्येक जुन्या नंबरावर त्याच्या भाषेत एकच संदेश जावा: तुमचा नंबर आमच्याकडे अमुक कामासाठी आहे, ठेवू की काढू? ‘ठेवा’ म्हणणारे ठेवावेत, ‘काढा’ म्हणणारे काढावेत, आणि जिथून उत्तरच येत नाही त्यांना जाहिराती पाठवणे थांबवावे. यादी बरीच आखडेल. पण गर्दीच्या दिवशी समईचे पार्सल निघाल्याचे कळवायची वेळ आली, तर उरलेल्या यादीतला नंबर लावल्यावर पलीकडे बहुधा तेच गिऱ्हाईक असेल. व्यापाऱ्याला नंबर हवा होता तो एवढ्याचसाठी, आणि ग्राहकाची हरकत यापलीकडच्या वापराला होती.